सहा पेन्सांचा शिपाई आणि राजाचे इंग्रजी

मराठी घरात इंग्रजीची भीती आणि इंग्रजीचा सोस ही दोन भावंडे एकाच छपराखाली नांदतात. मुलांना इंग्रजी बोलता यावे म्हणून आपण जिवाचे रान करतो, पण लिहिता यावे म्हणून तेवढी धडपड करत नाही. आणि मग प्रसंग येतो. बँकेला पत्र पाठवायचे असते, विमा कंपनीकडे तक्रार करायची असते, शाळेत रजेचा अर्ज द्यायचा असतो, परदेशातल्या विद्यापीठाला चार ओळी लिहायच्या असतात. एरवी चुरूचुरू बोलणारा माणूस कागदापुढे बसला की एकदम गंभीर होतो. 'आय बेग टू स्टेट' अशी सुरुवात होते, मध्ये 'द सेम' आणि 'द अबोव्ह' यांची गर्दी जमते आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' म्हणून तो आपली सुटका करून घेतो. वाचणाऱ्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. खरे सांगायचे तर पुष्कळदा लिहिणाऱ्यानेही ते ठरवलेले नसते.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशी पत्रे वाचण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे ओळखीचे लोक अजूनही विचारतात, रोजच्या वापरातले इंग्रजी लेखन सुधारायला कोणते पुस्तक घ्यावे? पुस्तकांची बाजारात वाण नाही. तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारी आहेत, तयार पत्रांचे नमुने देणारी आहेत. मी मात्र पुस्तकाचे नाव सांगण्याआधी एका माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस इंग्रजच होता, पण इंग्रजी लिहायला त्याला आपल्याइतकेच, किंबहुना आपल्याहून अधिक, पोटाला चिमटा काढून शिकावे लागले. पुढे त्याच्या लेखणीला मंत्री घाबरू लागले. त्याचे नाव विल्यम कॉबेट.

गवताच्या गंजीखालचे पुस्तक

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात फार्नहॅम नावाचे गाव आहे. तिथे ९ मार्च १७६३ रोजी कॉबेटचा जन्म झाला. बाप लहानसा शेतकरी आणि खानावळवाला. त्याला लिहिता-वाचता येत होते, आणि दिवसभराचे काम संपल्यावर तो पोरांना जमेल तेवढे शिकवी. शाळा अशी कॉबेटच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. हातात काठी धरता येऊ लागली तशी पेरलेल्या सलगमावरची आणि वाटाण्यावरची पाखरे हाकण्याचे काम त्याच्याकडे आले.

अकरा वर्षांचा असताना तो बिशपच्या बागेत झाडे छाटण्याच्या कामावर होता. तिथे एका माळ्याने क्यू येथल्या राजाच्या बागेचे वर्णन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी हा मुलगा कोणालाही न सांगता क्यूच्या वाटेला लागला. खिशात साडेसहा पेन्स. वाटेत दोन पेन्सांची भाकरी आणि चीज, एका पेनीची हलकी बिअर, अर्धा पेनी कुठेतरी पडला. संध्याकाळी रिचमंड गावात पोहोचला तेव्हा तीन पेन्स उरले होते आणि पोटात कावळे ओरडत होते. एका दुकानाच्या खिडकीत छोटेसे पुस्तक दिसले. जोनाथन स्विफ्टचे 'टेल ऑफ अ टब', किंमत तीन पेन्स. जेवण की पुस्तक? त्याने पुस्तक घेतले. क्यूच्या बागेला लागून असलेल्या शेतात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून अंधार पडेपर्यंत वाचले आणि तिथेच झोपला. दुसऱ्या दिवशी बागेतल्या माळ्याने त्याला काम दिले. त्या पुस्तकातले सगळेच त्याला कळले नव्हते, पण आपल्या बुद्धीचा जन्म त्या गंजीखाली झाला असे तो पुढे मानत असे. पुढची अनेक वर्षे ते पुस्तक त्याच्याबरोबर हिंडले आणि अखेर कॅनडाच्या किनाऱ्यावर फंडीच्या उपसागरात पेटीसकट बुडाले.

स्विफ्ट हा इंग्रजीतला साध्या, धारदार गद्याचा मोठा लेखक. माणसाच्या हाती पहिल्यांदा कोणते गद्य पडते, यावर त्याचे पुढचे लेखन किती अवलंबून असते!

हरवलेला अर्धा पेनी

विशीत कॉबेट लंडनला गेला. एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली, तिला कंटाळला आणि १७८४ मध्ये सैन्यात भरती झाला. पहिले वर्ष चॅटमच्या छावणीत गेले. अक्षर चांगले म्हणून तिथल्या अधिकाऱ्याची पत्रे उतरवून काढायचे काम त्याच्याकडे आले. अक्षर सुबक, पण व्याकरणाच्या नावाने पूज्य. त्या अधिकाऱ्याने त्याला बजावले, की व्याकरण शीक, तुझे भले होईल. कॉबेटने बिशप रॉबर्ट लाउथचे, त्या काळी प्रमाण मानले जाणारे व्याकरण मिळवले आणि त्याच्या मागे लागला.

मागे लागला म्हणजे कसा? ते सगळे पुस्तक त्याने दोन-तीनदा हाताने उतरवून काढले. मग पाठ केले. रोज सकाळी आणि रोज रात्री ते म्हणायचे, आणि पहाऱ्यावर उभे राहायची पाळी आली की तिथेही सगळे एकदा मनात म्हणायचे. बंदूक खांद्यावर आणि ओठांत विभक्ती! पगार दिवसाला सहा पेन्स. त्यातले जवळजवळ सगळे पोटालाच लागत. आठवड्याला हातात उरत ते दोन पेन्स. बसायला बिछान्याची कड, पुस्तके ठेवायला पाठीवरची पिशवी आणि मेज म्हणून मांडीवर फळी. मेणबत्तीला पैसे नाहीत, म्हणून हिवाळ्यात शेगडीच्या उजेडात वाचायचे, तेही आपली पाळी असेल तेव्हा. आजूबाजूला दहा-बारा शिपायांचे हसणे, गाणे, भांडणे चालूच. टाक, शाई किंवा कागदासाठी छदाम खर्च करायचा म्हणजे घासातला घास काढायचा.

एका शुक्रवारी त्याने सगळा खर्च भागवून अर्धा पेनी बाजूला ठेवला होता. सकाळी त्याचा एक खारवलेला हेरिंग मासा घ्यायचा बेत होता. आपल्याकडच्या सुक्या बांगड्यासारखा हा गरिबाचा मासा. रात्री कपडे उतरवताना पाहतो तो अर्धा पेनी हरवलेला. भूक तर अशी लागलेली की सोसवेना. तो उंचापुरा शिपाईगडी पांघरुणात तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला. पुढे उतारवयात तरुणांना उपदेश करताना त्याने ही आठवण लिहून ठेवली. अशा स्थितीत मी शिकू शकलो, तर वेळ नाही आणि सोय नाही असे सांगणाऱ्या तरुणाकडे कोणती सबब उरते, असा त्याचा रोकडा सवाल होता.

शिकण्याचे फळ लवकरच मिळाले. १७८५ मध्ये तो पलटणीबरोबर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकला गेला आणि तीसेक सार्जंटांना मागे टाकून सार्जंट मेजर झाला. पलटणीतल्या पुष्कळ अधिकाऱ्यांना धड चार ओळी लिहिता येत नसत, त्यामुळे कागदपत्रांचा सगळा कारभार याच्या हाती. तिथेच हिवाळ्यातल्या एका पहाटे बर्फात उभी राहून कपडे धुण्याचे टब घासणारी एक तेरा वर्षांची मुलगी त्याला दिसली. ॲन रीड तिचे नाव. बाप तोफखान्यात सार्जंट. लग्न करीन तर हिच्याशीच, असे त्याने ठरवले. तिचे कुटुंब इंग्लंडला परत निघाले तेव्हा आपली सगळी शिल्लक, दीडशे गिनी, त्याने तिच्या हवाली केली. चार वर्षांनी तो परतला तेव्हा ती एका घरी वर्षाला पाच पौंडांवर मोलकरणीचे काम करत होती. तिने एक गिनीही न मोडता पुरचुंडी तशीच त्याच्या हातात ठेवली. १७९२ मध्ये त्यांचे लग्न झाले.

लेखणीचे पहिले घाव

पलटणीच्या वह्या लिहिता लिहिता कॉबेटला एक गोष्ट दिसली होती. शिपायांच्या वाट्याचे पैसे आणि रसद वरचे अधिकारी खात होते. त्याने गुपचूप वह्यांच्या नकला करून ठेवल्या, सैन्यातून सुटका करून घेतली आणि इंग्लंडमध्ये रीतसर तक्रार केली. लष्करी न्यायालय बसायचे ठरले. पण डाव आपल्यावरच उलटणार, साक्षीदाराला संरक्षण मिळणार नाही, हे दिसताच तो नव्या नवरीसह फ्रान्सला निसटला आणि तिथून अमेरिकेला गेला.

अमेरिकेत पोटासाठी त्याने शिकवणी धरली. राज्यक्रांतीमुळे पळून आलेल्या फ्रेंच लोकांना तो इंग्रजी शिकवू लागला आणि त्यांच्यासाठी १७९५ मध्ये फ्रेंचमधून इंग्रजीचे एक पुस्तकही लिहिले. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. आपली भाषा परक्याला शिकवायला लागली की ती आपल्यालाच नव्याने दिसते. अमुक शब्द इथे का, या साध्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आणि सवयीने चालले आहे एवढे सांगून भागत नाही.

त्याच काळात त्याने साळिंदराचे टोपणनाव घेतले, पीटर पॉर्क्युपाइन, आणि फिलाडेल्फियात राजकीय पत्रके काढली. काटे सगळ्या दिशांनी लागले. पीतज्वरावर रोग्यांचे भरमसाट रक्त काढणाऱ्या डॉ. बेंजामिन रश या नामांकित डॉक्टरवर त्याने टीकेची झोड उठवली. अब्रुनुकसानीचा खटला होऊन पाच हजार डॉलरचा दंड बसला आणि १८०० मध्ये तो इंग्लंडला परतला. सरकारला वाटले, हा आपलाच माणूस. सरकारी वृत्तपत्र चालवायला देऊ केले. त्याने नकार दिला आणि १८०२ मध्ये स्वतःचे 'पोलिटिकल रजिस्टर' हे साप्ताहिक सुरू केले. ते मरेपर्यंत चालवले.

सुरुवातीला तो राजनिष्ठ, जुन्या मताचा. पण खेड्यापाड्यांत हिंडताना शेतमजुराची होत गेलेली दैना त्याने पाहिली आणि त्याची लेखणी वळली. १८०९ मध्ये ईली गावात पगारातल्या कपातीवरून कुरबूर करणाऱ्या मिलिशियाच्या शिपायांना जर्मन पलटणीच्या पहाऱ्यात फटके मारण्यात आले. सहा पेन्सांवर उपाशी झोपलेला हा जुना शिपाई ते वाचून पेटला. त्याने लिहिले, खटला झाला आणि १८१० मध्ये दोन वर्षांचा तुरुंगवास व एक हजार पौंड दंड अशी शिक्षा झाली.

कुलपाची पेटी, दोन किल्ल्या

न्यूगेटच्या तुरुंगातली ही दोन वर्षे घरोघरच्या आई-बापांनी वाचावीत अशी आहेत. मुले लहान, शेती हॅम्पशर परगण्यात बॉटली गावी. कॉबेटने एक वेताची पेटी केली, तिला एक कुलूप आणि दोन किल्ल्या. एक किल्ली घरी, एक तुरुंगात. पेटी दर आठवड्याला फळे, भाजी आणि शेतावरचा जिन्नस घेऊन येई आणि तिच्यात प्रत्येक मुलाचे पत्र असे. कोणत्या शेतात काय पेरले, कोणते जनावर व्याले, बागेत काय फुलले. कुणी अक्षरे गिरवलेली, कुणी नुसत्या रेघोट्या ओढलेल्या. बाप प्रत्येकाला उत्तर लिही. शेतीचे हुकूम, शंका, शाबासकी, सगळे त्या पत्रांतून. शाळेची सक्ती नव्हती, छडी नव्हती. आपण लिहिले ते कोणीतरी वाचते आणि त्याप्रमाणे शेतावर काही घडते, एवढे त्या मुलांना कळले आणि ती लिहू लागली.

आपल्याकडे मूल निबंध लिहिते तो गुणांसाठी. माझी सहल, पावसाळ्यातला एक दिवस, हेच विषय, हीच वाक्ये, पाठ केलेली. त्या निबंधाचे उत्तर कोणाला द्यायचे नसते. कॉबेटच्या मुलांचे प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी कामाचे होते. लेखन सुधारण्याचा याहून सोपा आणि स्वस्त मार्ग मला अजून सापडलेला नाही.

अर्ज परत का येत होते

सुटून आल्यावर कॉबेट अधिकच धारदार झाला. त्या काळी वृत्तपत्रांवर जबर मुद्रांककर होता, त्यामुळे अंक एक शिलिंगाच्या वर जाई. १८१६ च्या नोव्हेंबरात त्याने बातम्या वगळून केवळ लेख छापलेले एक पान दोन पेन्सांना विकायला काढले. विरोधकांनी त्याला दोन पेन्सांचा कचरा म्हणून हिणवले. कचरा आठवड्याला चाळीस-पन्नास हजार खपू लागला. विणकर, मजूर, कारागीर एकत्र जमून त्याचे वाचन करू लागले. सरकारने हेबिअस कॉर्पसचा हक्क तहकूब केला, तेव्हा पुन्हा तुरुंगात जाण्याऐवजी १८१७ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेला गेला आणि लाँग आयलंडवर शेत घेऊन राहिला.

याच सुमारास पार्लमेंटकडे मताधिकाराची सुधारणा मागणारे अर्जांचे गठ्ठे येत होते. त्यांतले कित्येक अर्ज, भाषा सभागृहाला साजेशी आदराची नाही असे कारण दाखवून नाकारले जात. मागणी योग्य की अयोग्य हा प्रश्नच पुढे येत नसे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे ऐकायचे नाही, असा हा सभ्य बंदोबस्त होता. कॉबेटने त्याचे मर्म ओळखले. गरिबाला भाकरी हवी, मत हवे, तसेच व्याकरणही हवे. ते नसेल तर बाकीचे मागताही येत नाही.

म्हणून लाँग आयलंडच्या शेतावर बसून त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले. १८१८ मध्ये ते न्यूयॉर्कला आणि पुढच्या वर्षी लंडनला प्रसिद्ध झाले. मुखपृष्ठावरच त्याने सांगून टाकले होते, की हे पुस्तक शाळांसाठी आणि तरुणांसाठी आहे, पण विशेषकरून शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगरटीवरची पोरे यांच्यासाठी आहे. पुस्तक लिहिले पत्रांच्या रूपात, आपल्या चौदा वर्षांच्या जेम्स या मुलाला उद्देशून. तुरुंगातल्या पेटीत ज्या मुलांची पत्रे येत, त्यांतलाच हा जेम्स. पुस्तक हातोहात खपले, शतकभर पुन्हा पुन्हा छापले गेले, आणि एकविसाव्या शतकातही त्याची नवी आवृत्ती निघाली.

असईचा विजेता आणि त्याचे वाक्य

या व्याकरणात काय आहे? नियम आहेतच. त्यातले काही आता जुने झाले; भाषा पुढे गेली. पण चारपाच गोष्टी आजही आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, विचार आधी आणि कागद नंतर. कॉबेटचे सांगणे असे, की काय लिहावे हे शोधण्यासाठी लिहायला बसू नका. जे विचार करून ठरले आहे ते लिहायला बसा. मनात आलेला पहिला, साधा शब्द घ्या. भारी शब्दाच्या शोधात थांबलात तर विचार हातचा जातो. आपल्या पत्रांतली निम्मी धांदल इथेच असते. पैसे परत हवेत की नवी वस्तू हवी, हे ठरवलेले नसते. मग 'नीडफुल' हा शब्द मदतीला धावतो.

दुसरी गोष्ट, सर्वनामांची. 'इट' या दोन अक्षरी शब्दावर कॉबेटचा फार राग. हा शब्द भाषेतला सर्वांत मोठा उपद्व्यापी आहे आणि तो कागदावर ठेवण्याआधी दहादा विचार करावा, असे तो सांगतो. मराठीतले उदाहरण घेऊ. बाबांनी काकांना सांगितले की त्यांचा पगार वाढला आहे. कुणाचा वाढला? घरात बोलताना हे कळते, कारण चेहरा समोर असतो. कागदाला चेहरा नसतो. इंग्रजी पत्र लिहून झाले की प्रत्येक 'इट', 'ही', 'धिस' आणि 'विच' यांवर बोट ठेवावे आणि विचारावे, तू कोणाचा? उत्तर चटकन आले नाही, तर तिथे नामच परत लिहावे. नाम दोनदा आल्याने कोणी हसत नाही.

तिसरी गोष्ट, क्रियापदाचा धनी शोधण्याची. 'द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स' नंतर आपण बिनदिक्कत 'आर अटॅच्ड' लिहितो, कारण शेजारी अनेकवचन बसलेले असते. जोडली आहे ती यादी, आणि यादी एक आहे. लांब वाक्यात धनी आणि क्रियापद यांची ताटातूट झाली की असे घोटाळे होतात; उपाय म्हणजे वाक्य मोडून दोन करणे.

चौथी गोष्ट, विरामचिन्हांची. दोन वाक्यांमध्ये सगळीकडे आडवी रेघ ओढणाऱ्यांना त्याने फैलावर घेतले आहे. स्वल्पविराम की पूर्णविराम हे माहीत नसले की माणूस रेघ ओढतो, असे त्याचे निदान.

पण पुस्तकाची खरी गंमत पाचव्या गोष्टीत आहे. चुकीच्या वाक्यांची उदाहरणे त्याने गरिबांच्या अर्जांतून घेतली नाहीत. ती घेतली डॉ. जॉन्सनसारख्या विद्वानाच्या लेखनातून आणि थेट राजाच्या नावाने पार्लमेंटपुढे वाचल्या जाणाऱ्या भाषणातून. पुढे १८२३ च्या आवृत्तीत त्याने सहा धडे जोडले, ते मुत्सद्द्यांना अशुद्ध आणि ओबडधोबड लिहिण्यापासून वाचवण्यासाठी! त्यात एका धड्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, फ्रान्समधल्या संग्रहालयांतील कलाकृतींविषयीचे टिपण वाक्यावाक्याने सोलून काढले आहे. हा वेलिंग्टन म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठी फौजांना हरवणारा आर्थर वेलस्ली. आणखी एका धड्यात त्याचा थोरला भाऊ मार्क्विस वेलस्ली सापडला आहे. ज्याच्या गव्हर्नर जनरलपदाच्या काळात दुसऱ्या बाजीरावाशी १८०२ चा वसईचा तह झाला, तोच हा. आयर्लंडचा कारभारी असताना त्याने १८२२ मध्ये धाडलेल्या खलित्याची कॉबेटने अशी काही चिरफाड केली आहे, की वाचताना, का कोण जाणे, माझ्या मराठी मनाला थोडे बरे वाटते.

यामागे नुसती खोडी नव्हती. नांगरटीवरच्या पोराला कॉबेट सांगत होता, की ज्यांच्या इंग्रजीला तू घाबरतोस त्यांनाही ते नीट येत नाही. त्यांचे वाक्य लांब आहे म्हणून ते बरोबर आहे असे नाही. तपासून बघ. भीती अशी गेली की शिकणे सुरू होते.

शेवटची वर्षे

१८१९ मध्ये तो मायदेशी परतला तो एक विलक्षण सामान घेऊन. टॉमस पेन या बंडखोर लेखकाला त्याने तारुण्यात शिव्यांची लाखोली वाहिली होती. त्याच्याच अस्थी न्यूयॉर्कजवळच्या थडग्यातून उकरून, इंग्लंडमध्ये सन्मानाने पुरायच्या म्हणून त्याने बरोबर आणल्या. ते झाले नाही आणि त्या अस्थी पुढे बेपत्ता झाल्या. माणूस असा एककल्ली होता. बटाटा आणि चहा यांचा तो वैरी. ज्यू आणि काळे लोक यांच्याविषयी त्याने लिहिलेले काही आज वाचवत नाही. गरिबांचा कैवार घेणाऱ्याची नजरही काही बाबतीत किती आखूड असू शकते, याचा तो नमुना आहे, आणि हे झाकून त्याची गोष्ट सांगू नये.

पण घोड्यावर बसून तो दक्षिण इंग्लंडची खेडी हिंडला, आणि मजुराच्या घरात चूल पेटते की नाही ते पाहून लिहिले, ते 'रूरल राइड्स' १८३० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि आजही वाचले जाते. १८३१ मध्ये राजद्रोही लिखाणाचा खटला झाला तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या कॉबेटने आपली बाजू स्वतः मांडली. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि तो सुटला. १८३२ च्या सुधारणेनंतर ओल्डहॅमने त्याला पार्लमेंटमध्ये पाठवले. जिथून अर्ज भाषेपायी परत येत, तिथे पाखरे हाकणारा पोरगा खासदार म्हणून बसला. १८ जून १८३५ रोजी तो वारला आणि फार्नहॅमच्याच चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली.

१८३५ हे साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्त्यात मेकॉलेने आपले शिक्षणाविषयीचे टिपण लिहिले आणि हिंदुस्थानात सरकारी आश्रयाने इंग्रजी शिक्षणाची वाट रुंदावली. मात्र आपल्या कचेऱ्यांत जे इंग्रजी मुरले ते खलित्यांचे आणि विनंतीअर्जांचे, म्हणजे वेलस्लींच्या घराण्यातले. वरच्याने लांबलचक लिहायचे आणि खालच्याने हात जोडून लिहायचे. शिपायाचे आणि नांगरटीवरच्या पोराचे सरळ इंग्रजी आपल्याकडे त्या मानाने थोडेच पोहोचले. 'आय बेग टू स्टेट' मध्ये जी भीक आहे, ती तिथूनच आली असावी असे मला वाटते.

आता मोबाइलवर एक कळ दाबली की यंत्र बिनचूक इंग्रजीत पत्र लिहून देते. सोय चांगली आहे, मीही कधी वापरतो. पण आपल्याला काय हवे आहे, हे यंत्राला आपणच सांगावे लागते, आणि ते नीट सांगता आले तर पत्र निम्मे झालेलेच असते. राहिलेल्या निम्म्यासाठी घरातल्या घरात एक प्रयोग करून बघा. बँकेला, सोसायटीला किंवा शाळेला लिहिलेले शेवटचे इंग्रजी पत्र काढा आणि नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात द्या. त्याला एवढेच विचारा, की या पत्रात आपण काय मागितले आहे? मुलाला एका वाक्यात सांगता आले, तर तुमचे इंग्रजी उत्तम आहे. नाही आले, तर दोघांनी मिळून ते पत्र पुन्हा लिहा. मुलाचेही शिकणे होईल, आणि पत्राला उत्तर येण्याची शक्यता वाढेल.